दागिने, देवघर आणि जुनी पत्रे : मृत्युपत्रात जपलेल्या वस्तूंची व्यवस्था कशी करावी

मृत्युपत्र करायला बसलेली बहुतेक माणसे घर, शेतजमीन, बँकेतील ठेवी आणि शेअर यांची तपशीलवार वाटणी करतात आणि शेवटी 'घरातील इतर सर्व चीजवस्तू मुलांनी समान वाटून घ्याव्यात' असे एक वाक्य लिहून थांबतात. हे वाक्य वाचायला न्याय्य वाटते. परंतु आजीच्या नथीचे तीन समान भाग होत नाहीत, देवघरातल्या टाकांची किंमत काढून ती पैशांत भागवता येत नाही, आणि आजोबांनी लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा तिघांना मिळून एकच असतो. घराच्या आणि ठेवींच्या वाटणीवर मुकाट्याने सह्या करणारी भावंडे एका मोहनमाळेवरून कायमची दुरावतात. याचे कारण लोभ असते असे मला वाटत नाही. त्या वस्तूबद्दल आईने किंवा वडिलांनी स्वतःच्या शब्दांत काहीच लिहून ठेवलेले नसते आणि प्रत्येकाला तिच्याबद्दल वेगळे वचन मिळाल्याचे आठवत असते, हे खरे कारण असते. म्हणून अशा वस्तूंची व्यवस्था वस्तूगणिक, नावानिशी आणि कायद्याला मान्य होईल अशा रीतीने कशी लिहावी, हे पहिल्यांदाच मृत्युपत्र करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने दिले आहे.

पुढील विवेचन प्रामुख्याने महाराष्ट्रातील हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू पडणारे आहे. त्यांच्या मृत्युपत्रांचे नियम भारतीय वारसा कायदा, 1925 मध्ये, तर मृत्युपत्र नसल्यास होणाऱ्या वाटणीचे नियम हिंदू वारसा कायदा, 1956 मध्ये आहेत. मुस्लिम व्यक्तीला कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीने विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने रद्द होते. गोव्यातील व्यवस्था तर मुळातच निराळी असल्याने तिचा उल्लेख पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

पहिली पायरी : घरभर फिरून यादी करणे

मृत्युपत्राचा मसुदा हाती घेण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि घरातील एकेक खोली, कपाट, माळा आणि ट्रंक उघडून पाहावी. या यादीत किमतीचा निकष लावू नये. ठुशी, पाटल्या, गोठ, तोडे आणि बुगड्या यांच्या नोंदी सगळेच करतात. पण पैठणी, लग्नातला शालू, तांब्याचे घंगाळ, पानाचा पितळी डबा आणि अडकित्ता, शिसवी कपाट, बंगई, तंबोरा, गौरीचे मुखवटे, लोणच्यांची आणि दिवाळीच्या पदार्थांची प्रमाणे लिहिलेली वही, स्वातंत्र्यचळवळीतील किंवा सैन्यातील सेवेचे मानपत्र, या वस्तू बाजारात फारशा मोलाच्या नसूनही घरात त्यांच्यावर अनेकांचा जीव असतो. शक्य असल्यास ही यादी घरातील सर्वांत वडील व्यक्तीच्या सोबतीने करावी आणि तिने सांगितलेली माहिती, म्हणजे वस्तू कोणी केली, कोणत्या प्रसंगी आली, कोणाच्या अंगावर होती, ही तिथल्या तिथे लिहून घ्यावी. ती व्यक्ती गेल्यावर ही माहिती कुठेही मिळत नाही, आणि माहितीविना पितळी डबा हा भंगारात जाणारा डबाच ठरतो.

दुसरी पायरी : वस्तू खरोखर कोणाची आहे हे ठरवणे

आपल्या कपाटात असलेली प्रत्येक वस्तू आपल्या मालकीची असतेच असे नाही, आणि जी आपली नाही ती मृत्युपत्राने देता येत नाही. एवढा साधा नियम असूनही सर्वाधिक गफलत येथेच होते, म्हणून यासाठी वेळ द्यावा.

विवाहात, विवाहापूर्वी किंवा नंतर स्त्रीला माहेरहून, सासरहून अथवा इतरांकडून भेट म्हणून मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन असते आणि त्यावर तिची संपूर्ण मालकी असते. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले असून, पती किंवा सासरच्या मंडळींकडे ते सांभाळायला दिलेले असले तरी ते त्यांचे होत नाही, असेही स्पष्ट केले आहे. त्यामुळे पतीच्या मृत्युपत्रात 'माझ्या पत्नीच्या अंगावरील दागिने मुलींना द्यावेत' असे कलम असेल, तर त्या कलमाला त्या दागिन्यांपुरता काहीही अर्थ उरत नाही. ती व्यवस्था पत्नीने स्वतःच्या मृत्युपत्रात करायला हवी. सासूच्या लॉकरमध्ये ठेवलेले सुनेचे दागिने सुनेचेच असतात, ही गोष्ट सासूने आपल्या मृत्युपत्रात एका ओळीत नमूद करून ठेवली, तर पुढे लॉकर उघडताना सुनेची अवघड परिस्थिती टळते. आणखी एक प्रकार म्हणजे चार पिढ्यांपासून एकत्र कुटुंबात चालत आलेल्या वस्तू. अशा वस्तूंमधील केवळ आपल्या हिश्शाचीच व्यवस्था आपल्याला मृत्युपत्राने करता येते. तेव्हा त्यांच्याबाबत भावंडांशी बोलून, कोणती वस्तू कोणाकडे राहणार याचा लेखी समझोता आधी करून घेणे हिताचे असते.

या ठिकाणी विवाहित परंतु अपत्य नसलेल्या स्त्रियांनी विशेष लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 नुसार स्त्री मृत्युपत्र न करता वारली, आणि तिला पती नसेल व अपत्येही नसतील, तर तिची मालमत्ता प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. आईवडिलांकडून वारसाने आलेल्या मालमत्तेला यातून अपवाद आहे आणि ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. मात्र हा अपवाद वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेपुरताच आहे. आईने लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात घातलेली एकदाणी ही भेट असते, वारसा नव्हे. म्हणजे अशा स्त्रीच्या पश्चात तिच्या आईची एकदाणी तिच्या बहिणीला किंवा भाचीला मिळण्याऐवजी दिराच्या किंवा पुतण्याच्या घरी जाऊ शकते. मृत्युपत्रातील दोन वाक्यांनी हे टळते, आणि ती दोन वाक्ये लिहिण्यासाठी वृद्धापकाळाची वाट पाहण्याचे कारण नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि सुबुद्ध असलेली कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते.

तिसरी पायरी : ओळख पटेल असे वर्णन लिहिणे

'माझी सोन्याची माळ माझ्या थोरल्या नातीला' हे वाक्य लिहिणाऱ्याला स्पष्ट वाटते, कारण त्याच्या डोळ्यांसमोर एकच माळ असते. पश्चात कपाटातून तीन माळा निघाल्या, तर कोणती हे सांगायला कोणी उरत नाही, आणि ज्या देणगीचा अर्थच निश्चित करता येत नाही ती संदिग्धतेमुळे निरर्थक ठरण्याची भीती असते.

म्हणून प्रत्येक वस्तूला अनुक्रमांक द्यावा, दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढावे, आणि दागिन्याच्या बाबतीत घडण, खड्यांचा किंवा मोत्यांचा प्रकार व संख्या, सोनाराचा शिक्का असल्यास तो, तुटलेली कडी किंवा बदललेला फासा यांसारखी खूण लिहावी. वजन ग्रॅममध्येच लिहावे. जुन्या चिठ्ठ्यांवरील तोळा हा सुमारे 11.66 ग्रॅमचा असतो, तर आजच्या बोलण्यातला तोळा 10 ग्रॅमचा. दहा तोळ्यांच्या दागिन्यांत या दोहोंमुळे सोळा ग्रॅमहून अधिक फरक पडतो, आणि 'कोणीतरी सोने काढून घेतले' असा संशय घरात शिरायला तेवढा फरक पुरेसा असतो. कोल्हापुरी साज किंवा बोरमाळ यांसारख्या, पोकळ मण्यांत लाख भरलेल्या दागिन्यांचे एकूण वजन आणि सोन्याचे अंदाजे निव्वळ वजन अशा दोन्ही नोंदी खात्रीच्या सोनाराकडून करून घ्याव्यात. अलीकडच्या हॉलमार्क केलेल्या दागिन्यांवर अंक आणि अक्षरे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो भिंगाखाली पाहून यादीत उतरवावा.

वस्त्रे, भांडी आणि लाकडी सामान यांच्यासाठी इतका तपशील लागत नाही. रंग, काठ, आकार, कोरलेले नाव आणि छायाचित्र एवढे पुरते. जुन्या भांड्यांवर बहुधा देणाऱ्याचे नाव आणि साल कोरलेले असते. ते जसेच्या तसे उतरवून घेतले की दुसऱ्या वर्णनाची गरज राहत नाही.

वर्णनाच्या शेजारी वस्तूची हकिगत दोन-तीन वाक्यांत लिहावी. कायद्याला तिची आवश्यकता नाही. पण 'ही नथ माझ्या सासूबाईंनी मला पहिल्या मंगळागौरीला दिली आणि ती त्यांना त्यांच्या आईकडून मिळाली होती' एवढी ओळ वाचल्यानंतर ज्याला ती मिळाली नाही त्यालाही ती कोणाकडे आणि का गेली हे समजते.

चौथी पायरी : कोणाला काय, हे विचारून ठरवणे

आपण मनाशी ठरवलेली वाटणी आणि मुलांच्या मनातली ओढ यांचा पुष्कळदा मेळ नसतो. ज्या मुलीसाठी आईने जड पाटल्या राखून ठेवलेल्या असतात, तिला त्यापेक्षा आईची पाककृतींची वही हवी असते. आणि ज्या मुलाला काहीच नको असेल असे सगळे गृहीत धरतात, त्याला आजोबांचा अडकित्ता हवा असतो. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्रपणे, शक्यतो एकट्याने भेटून, मनापासून हव्या असलेल्या दोन-तीन वस्तू विचाराव्यात. दोघांनी एकच वस्तू सांगितली तर निर्णय आपण घ्यावा आणि त्याचे कारण आपल्या हयातीतच दोघांना सांगावे. कुटुंबाच्या शांततेसाठी याहून उपयोगी गोष्ट मला माहीत नाही. मुलगे आणि मुली यांचा वारसाहक्क कायद्याने समान आहे, तेव्हा 'दागिने मुलींना आणि घर मुलांना' ही जुनी विभागणी आपण निवडत असू, तर ती सवयीने होऊ देऊ नये. दोन्ही बाजूंच्या किमती समोर मांडून, जाणीवपूर्वक निवडावी.

देवघराचा विचार निराळा करावा लागतो. टाक, कुलदैवताची मूर्ती, शाळिग्राम, बाण, अन्नपूर्णा आणि गौरीचे मुखवटे यांच्यासोबत नवरात्र, चंपाषष्ठी, तळी भरणे, बोडण असा कुळाचार जात असतो. रूढीने ही जबाबदारी थोरल्या मुलाकडे येते; परंतु तो परदेशात असेल, किंवा त्याच्या घरी हे करणे शक्य नसेल, तर केवळ थोरला म्हणून त्याच्या नावे देवघर लिहिल्यास टाक वर्षानुवर्षे एखाद्या डब्यात पडून राहतात आणि त्याला स्वतःलाही त्याची टोचणी लागते. ज्याला कुळाचार चालवण्याची इच्छा आहे, मग तो धाकटा असो, मुलगी असो वा पुतण्या असो, त्याच्या नावे देवघर लिहावे. वेगळे राहणाऱ्या भावंडांनी स्वतःच्या घरासाठी नवे टाक करवून घेण्याची प्रथा आपल्याकडे आहेच. त्यामुळे जुने टाक एका घरी गेले म्हणून इतरांचे कुलदैवत दुरावत नाही. गौरी-गणपती आळीपाळीने होत असतील तर तो क्रम आणि मुखवटे कोणी जपायचे हे यादीत लिहावे, पण ही अपेक्षा म्हणून लिहावी, देणगीची अट म्हणून नव्हे. धार्मिक कर्तव्य पाळले गेले की नाही याचा निवाडा न्यायालयात करून घेण्याची वेळ घरावर येऊ नये.

घरात कोणालाच नको असलेली परंतु समाजाला मोलाची असलेली वस्तूही असते. पोथ्या, मोडी कागद आणि ऐतिहासिक पत्रे यांसाठी पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था यांसारख्या संस्था आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी आणि दरवाजे या घरगुती वस्तूच तर सन्मानाने मांडलेल्या आहेत. मात्र संस्थेला न विचारता मृत्युपत्रात तिचे नाव घालू नये. तिला ती वस्तू स्वीकारता येईल का, हे आधी पत्राने विचारून ते उत्तर मृत्युपत्रासोबत ठेवावे.

पाचवी पायरी : यादी मृत्युपत्राला कायद्याने जोडणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. परदेशातील काही ठिकाणी, विशेषतः अमेरिकेतील अनेक राज्यांत, मृत्युपत्र केल्यानंतर घरगुती वस्तूंची यादी स्वतंत्रपणे लिहिता व हवी तेव्हा बदलता येते आणि तिला साक्षीदारही लागत नाहीत. तिकडे राहणारी मुले आईवडिलांना असाच सल्ला देतात. भारतात तो चालत नाही. भारतीय वारसा कायद्याच्या कलम 64 नुसार मृत्युपत्रात उल्लेख केलेला दुसरा कागद मृत्युपत्राचा भाग मानला जातो, परंतु तो कागद मृत्युपत्र करतेवेळी प्रत्यक्ष लिहून झालेला असावा लागतो. 'वस्तूंची वाटणी मी पुढे करणार असलेल्या यादीप्रमाणे व्हावी' असे लिहून नंतर सवडीने केलेली यादी ही मुलांसाठी एक इच्छा ठरते. ती त्यांच्यावर बंधनकारक ठरत नाही.

तेव्हा यादी आधी पूर्ण करावी, तिच्यावर तारीख घालावी, प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही करावी, आणि मग मृत्युपत्रात तिचा तारीख व पृष्ठसंख्येसह उल्लेख करावा. मी तर सुचवीन की यादी 'परिशिष्ट अ' म्हणून मृत्युपत्रालाच जोडावी आणि साक्षीदारांच्या सह्या तिच्या शेवटीही घ्याव्यात, म्हणजे कोणता कागद मूळचा यावर वादच राहणार नाही. मजकूर साधारण असा असावा :

'दिनांक ____ रोजी मी लिहून पूर्ण केलेली, ____ पृष्ठांची, माझ्या सहीची यादी या मृत्युपत्रास परिशिष्ट अ म्हणून जोडली असून ती या मृत्युपत्राचा भाग समजावी. सदर यादीतील अनुक्रमांक 7 येथे छायाचित्रासह वर्णन केलेली, मला माझ्या आईकडून विवाहप्रसंगी मिळालेली मोहनमाळ माझी नात ____ हिला द्यावी. ती माझ्या आधी मृत्यू पावल्यास सदर मोहनमाळ माझी दुसरी नात ____ हिला द्यावी. सदर मोहनमाळ मोडून तिच्या सोन्यातून मी दुसरा दागिना केला असल्यास तो दागिना याच क्रमाने द्यावा.'

यातील शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ते तसे नाही. विशिष्ट वस्तू मृत्युपत्राने दिली आणि मृत्यूसमयी ती वस्तूच आपल्या मालकीची नसली, किंवा तिचे स्वरूप बदलून दुसरीच मालमत्ता झाली असली, तर ती देणगी संपुष्टात येते, असे कलम 152 सांगते. मराठी घरांत दागिने मोडून नवे करण्याची रीत किती सर्रास आहे हे आपण जाणतोच. पाटल्या मोडून बांगड्या केल्या आणि मृत्युपत्रात पाटल्याच राहिल्या, तर जिच्या नावे पाटल्या लिहिल्या होत्या तिच्या हाती काहीच येत नाही.

यादीत न आलेल्या वस्तूंसाठी शेवटी एक उर्वरित कलम अवश्य ठेवावे आणि त्यात निवडीची पद्धत सांगावी. उदाहरणार्थ, मुलांनी वयाच्या क्रमाने एकेक वस्तू निवडावी, दुसऱ्या फेरीत हा क्रम उलटा करावा, आणि मतभेद झाल्यास व्यवस्थापकाचा निर्णय अंतिम मानावा. हा व्यवस्थापक, ज्याला व्यवहारात एक्झिक्युटर म्हणतात, त्या वस्तूंमध्ये स्वतःचे काही अडकलेले नाही असा नात्यातील किंवा परिचयातील समंजस माणूस असावा.

सहावी पायरी : सही, साक्षीदार आणि नोंदणी

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेले चालते; त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. कलम 63 प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. प्रत्येक साक्षीदाराने आपल्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही माझीच आहे असे आपण त्याला सांगितलेले असावे, आणि त्याने आपल्या समक्ष सही करावी. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही असे निवडावेत. पुढे मृत्युपत्र सिद्ध करण्याची वेळ आली तर त्यांच्यापैकी एकाला तरी साक्ष द्यावी लागते. आपले वय अधिक असल्यास आपण सुबुद्ध असल्याचे त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.

नोंदणी सक्तीची नाही, परंतु दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती करून घेतल्यास मृत्युपत्र हरवण्याची आणि बदलले जाण्याची भीती कमी होते. घरच्यांना इतक्यात मजकूर कळू द्यायचा नसेल, तर नोंदणी कायदा, 1908 नुसार मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे.

गोव्यातील वाचकांनी येथे थांबून स्थानिक सल्ला घ्यावा. तेथे 2012 च्या गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया कायद्यानुसार मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी मालमत्तेचा अर्धा भाग राखीव असतो आणि उरलेल्या अर्ध्याचीच आपल्या इच्छेने व्यवस्था करता येते. शिवाय विवाहाच्या सर्वसाधारण पद्धतीत पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असल्याने दागिन्यांतही जोडीदाराचा अर्धा वाटा धरावा लागतो. मृत्युपत्रही तेथे विशेष नोटरीपुढे करावे लागते.

ज्या वस्तूंना स्वतंत्र कायदे लागतात

काही वारशाच्या वस्तू केवळ यादीत लिहून पुढच्या पिढीकडे देता येत नाहीत. आपल्याकडे मुलांच्या गळ्यात घालण्यासाठी सोन्यात मढवलेले वाघनख अनेक घरांत जपलेले असते. तसेच हस्तिदंताच्या फण्या, व्याघ्रांबर किंवा शिकारीतील शिंगे. या वस्तूंना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू होतो. त्यांचे मालकी प्रमाणपत्र घरात आहे का ते आधी शोधावे. वारसाने अशी वस्तू मिळालेल्या व्यक्तीने 90 दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करावी लागते. त्या विकता तर येतच नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर मृत्युपत्रात काही लिहिण्यापूर्वी वकिलाच्या मदतीने वन विभागाचा सल्ला घ्यावा. हा प्रश्न मुलांच्या गळ्यात ठेवून जाऊ नये.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे आणि कलावस्तू, तसेच 75 वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्य असलेली हस्तलिखिते ही पुरावस्तू व कलानिधी कायदा, 1972 खाली येतात. त्यांतील निवडक प्रकारांची, उदाहरणार्थ धातूच्या, दगडाच्या आणि लाकडाच्या जुन्या मूर्तींची, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते आणि मालकी बदलल्यास तेही कळवावे लागते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. देवघरातली पणजोबांच्या काळातली पितळी मूर्ती न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या मुलाच्या नावे लिहिण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. मालकी त्याची होऊ शकते, पण मूर्ती भारतातच राहील, म्हणून ती येथे कोण सांभाळणार हेही लिहावे. वस्तू तितकी जुनी नसेल तर ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र पुरातत्त्व विभागाकडून आधीच घेऊन ठेवता येते. जुनी बंदूक घरात असल्यास तिचा परवाना मालकाच्या मृत्यूनंतर आपोआप वारसाकडे जात नाही, एवढे वारसांना माहीत असले पाहिजे.

पत्रे, कागद आणि छायाचित्रे

सोन्याच्या वाटणीत जाणारा वेळ पाहता कागदांकडे फार दुर्लक्ष होते, आणि घर रिकामे करताना पहिली गोणी कागदांचीच भरते. वंशावळ, जुने शाळा सोडल्याचे दाखले, कोतवाल बुकाचे उतारे, मोडीतील खरेदीखते आणि गावच्या नोंदी यांचा उपयोग जात पडताळणीपासून जमिनीच्या वादापर्यंत कुठेही लागू शकतो. कुणबी नोंदींच्या शोधात गेल्या काही वर्षांत मोडी वाचकांना किती मागणी आली हे महाराष्ट्राने पाहिलेच आहे. म्हणून सर्व कागद एकाच व्यक्तीच्या नावे लिहावेत आणि तिने इतरांना स्कॅन केलेल्या प्रती द्याव्यात असे नमूद करावे. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलने नावे लिहावीत.

घरातील कोणी कविता, रोजनिशी किंवा आत्मकथन लिहून ठेवले असेल, तर अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने ज्याला दिले त्याच्याकडे, उलट इच्छा व्यक्त केलेली नसल्यास, प्रताधिकारही जातो, अशी तरतूद प्रताधिकार कायदा, 1957 मध्ये आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर असे लेखन प्रथम प्रकाशित झाल्यास त्या प्रकाशनानंतर 60 वर्षे हा अधिकार टिकतो. तेव्हा वही एकाला आणि छापण्याचा अधिकार सर्वांना, अशी इच्छा असेल तर ती लिहावी लागेल. जी पत्रे कोणी वाचू नयेत असे वाटते ती व्यवस्थापकाने न उघडता नष्ट करावीत असे लिहिता येते, पण त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ती आपणच आज बाजूला काढणे.

लॉकर, कर आणि बदल

लॉकरवर नामनिर्देशन अवश्य करावे, मात्र नॉमिनी हा मालक होत नाही. त्याला लॉकर उघडून वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार असतो आणि त्या मृत्युपत्राप्रमाणे वारसांना देणे त्याचे कर्तव्य ठरते. नॉमिनी वेगळा आणि दागिने मिळणारी व्यक्ती वेगळी असेल, तर दोघांनाही हे समजावून सांगावे. परिशिष्टातील प्रत्येक दागिन्यासमोर तो कोणत्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे हे लिहावे, पण मृत्युपत्राची मूळ प्रत मात्र लॉकरमध्ये ठेवू नये, कारण आपल्या पश्चात तेच सर्वांत उशिरा उघडते.

भारतात वारसा कर नाही. संपदा शुल्क 1985 साली रद्द झाले आणि मृत्युपत्राने मिळालेल्या वस्तूंवर प्राप्तिकर लागत नाही. पुढे दागिना विकल्यास भांडवली नफ्यावर कर येतो आणि त्यासाठी आधीच्या मालकाची खरेदी किंमत, किंवा दागिना 1 एप्रिल 2001 पूर्वीचा असल्यास त्या दिवशीचे मूल्य धरता येते. म्हणून जुन्या पावत्या आणि मूल्यांकनाचे दाखले यादीसोबतच ठेवावेत. प्राप्तिकर खात्याच्या 1994 च्या सूचनेनुसार झडतीत विवाहित स्त्रीचे 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे 250 ग्रॅम आणि पुरुषाचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त केले जात नाहीत. त्याहून अधिक सोने वारसाने आले असेल, तर ते कुठून आले हे सांगणारा उत्तम पुरावा म्हणजे वर्णनासह केलेले हे मृत्युपत्र.

यादीत पुढे बदल करायचा झाल्यास मूळ कागदावर खाडाखोड करू नये. सही आणि साक्षीशिवाय केलेल्या अशा दुरुस्तीला कायदा मानत नाही. किरकोळ बदलासाठी दोन साक्षीदारांसह पुरवणी मृत्युपत्र करावे, आणि बदल फार असतील तर 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे' असे लिहून नवे करावे. घरात लग्न, जन्म किंवा मृत्यू झाल्यावर, तसेच एखादा दागिना मोडल्यावर किंवा चोरीस गेल्यावर यादी पुन्हा वाचावी.

काही वस्तू मृत्युपत्राची वाट न पाहता हातानेच द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. जंगम वस्तूची भेट प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होते. मौल्यवान दागिन्यासाठी मात्र एका कागदावर बक्षीसपत्र करून देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही घ्यावी. नातीच्या लग्नात स्वतःच्या हाताने तिला नथ दिली, तर ती कशी घालायची, मोती सैल झाला तर कोणत्या गुंफणाऱ्याकडे न्यायचा, हे सगळे तिला आपल्याकडूनच कळते. अशी वस्तू दिल्यानंतर परिशिष्टातील तिचा अनुक्रमांक पुरवणी मृत्युपत्राने रद्द करावा, म्हणजे पश्चात कोणी ती कपाटात शोधत बसणार नाही.